तीन चाके, एक बेट आणि अरुंद रस्ता

आमच्या ओळखीचे एक निवृत्त जोडपे मुलाकडे जर्मनीला गेले होते. मुलाने त्यांना तिथून आठवडाभरासाठी मयोर्का बेटावर नेले. परत आल्यावर रीतसर चहाचे बोलावणे झाले आणि आता अल्बमची जागा घेतलेल्या मोबाइलवर छायाचित्रांची मालिका सुरू झाली. समुद्र, चर्च, संत्र्यांच्या बागा हे सगळे यथासांग झाले आणि मग एक छायाचित्र असे आले, की सगळ्यांनी माना पुढे केल्या. डोक्यावर हेल्मेट आणि पंजाबी ड्रेसवर कुणाचे तरी कातडी जाकीट घातलेल्या काकू एका अजब वाहनाच्या मागच्या आसनावर बसल्या होत्या. शेजारी काका आणि पुढे हँडल धरलेला दाढीवाला चालक. वाहनाला पुढे एक चाक, मागे दोन. त्या घरच्या नव्वदीच्या आजींनी चष्मा पुसून बघितले आणि विचारले, ‘‘ही बिनछपराची रिक्षा का गं?’’

सगळे हसले, पण आजींचे फारसे चुकले नव्हते. या वाहनाला तिकडे ट्राइक म्हणतात. मोटारसायकलचे पुढचे अर्धे अंग आणि मोटारीचे मागचे अर्धे अंग जोडावे, असा तो प्रकार. जर्मनीतल्या कारखान्यांनी 1990च्या सुमारास असे ट्राइक बनवायला घेतले, तेव्हा मागे चक्क फोक्सवॅगन बीटलचे इंजिन बसवलेले असे. युरोपातल्या सुट्टीच्या बेटांवर आज या वाहनांच्या सहली निघतात. पुढे वाटाड्या, त्याच्या मागे ओळीने पाच-सात ट्राइक, आणि डोंगरातून, किनाऱ्यावरून तीन-चार तासांची रपेट. काही ठिकाणी पाहुणा स्वतः चालवतो. काही ठिकाणी आमच्या काका-काकूंसारखा मागे बसतो. गोव्यातला ‘पायलट’ ज्यांनी वापरला आहे, त्यांना हा दुसरा प्रकार लगेच समजेल.

स्वतः चालवणाऱ्यांसाठी मोठे आकर्षण परवान्याचे. युरोपीय संघाच्या 2013पासून लागू झालेल्या नियमांनी सदस्य-देशांना मुभा दिली, की साधा मोटारीचा परवाना असलेल्या आणि वयाची 21 वर्षे पुरी केलेल्या माणसाला आपल्या हद्दीत ताकदवान तीनचाकीही चालवू द्यावी. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात मोटारसायकल चालवली नाही, त्याला एका दुपारपुरता तो थाट करता येतो, तो असा. आणि खरी गंमत (किंवा खरी भीती) इथेच आहे. मोटारसायकल वळणावर कलते, ट्राइक कलत नाही. तिचे हँडल ओढूनच वळवावे लागते आणि शरीर बाहेरच्या बाजूला फेकले जाते. दुचाकीची सवय असलेला माणूस थांबताना नकळत पाय खाली टेकवतो. ट्राइकवर हे केले, तर मागचे रुंद चाक पावलावरून जाऊ शकते. म्हणून निघण्यापूर्वी मोकळ्या जागेत चार फेऱ्या मारून घेतात, ‘पाय खाली नाही’ हे पुन्हा पुन्हा बजावतात आणि मगच ताफा रस्त्याला लागतो. वाटाड्याचे निम्मे काम स्थळे दाखवण्याचे, निम्मे काम मागच्या आरशात बघण्याचे.

हे सगळे वाचून कुणी म्हणेल, की पैसेवाल्यांचा एक खेळ. रविवारी सकाळी आम्ही त्याचा विचार कशाला करायचा? विचार करायचा तो बेटासाठी. मयोर्काचे क्षेत्रफळ सुमारे 3640 चौरस किलोमीटर. गोव्याचे 3702. म्हणजे दोन्ही जवळजवळ एकाच मापाचे. मयोर्काची वस्ती नऊ लाखांच्या थोडी वर, गोव्यापेक्षा बरीच कमी. आणि 2024 या एका वर्षात तिथे आलेले पर्यटक सव्वा कोटीहून अधिक! पाल्मा या राजधानीच्या विमानतळावरून त्या वर्षी ये-जा केलेल्या प्रवाशांचा आकडा 3 कोटी 30 लाखांच्या पुढे गेला. ही माणसे विमानातून उतरली, की त्यांना कुठेतरी जायचे असते आणि जायला रस्ता लागतो.

रस्त्याची गोष्ट इथे थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण या वादाचे मूळ तिथे आहे. बेटाच्या वायव्य अंगाला त्रामुंतानाची डोंगररांग आहे. शतकानुशतके दगडांच्या कोरड्या बांधांवर पायऱ्या पाडून तिथे ऑलिव्ह लावले गेले. माणसाने घडवलेला हा डोंगर 2011 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. याच रांगेतल्या वाल्देमोसा गावच्या मठात संगीतकार शोपँ आणि लेखिका जॉर्ज सँड यांनी 1838-39चा हिवाळा काढला. बाईंनी नंतर त्यावर पुस्तक लिहिले आणि त्यात बेटवासीयांची यथेच्छ निंदा केली. ज्यांना त्यांनी नावे ठेवली, त्यांचेच वंशज आज ते पुस्तक पर्यटकांना विकतात, हा काळाचा न्याय.

या डोंगरातून समुद्रापर्यंत उतरणारा सा कालोब्राचा रस्ता जगभरच्या सायकलवाल्यांना आणि मोटारसायकलवाल्यांना ठाऊक आहे. आंतोनिओ परिएत्ती या अभियंत्याने तो आखला आणि 1932 साली तो खुला झाला. जेमतेम दहा किलोमीटरचा हा रस्ता वळसे घेत घेत सुमारे सातशे मीटर उतरतो. एके ठिकाणी तर तो स्वतःच्याच खालून जातो. टायची गाठ मारावी तसे ते वळण, आणि लोक त्याला म्हणतातही टायची गाठ. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच. खाली समुद्राशी मोठे गाव नव्हते, बंदर नव्हते, बाजारपेठ नव्हती. रस्ता बांधला तो पाहुण्यांना देखावा दिसावा म्हणून! मयोर्कात पर्यटनवृद्धीची संस्था 1905 सालीच स्थापन झाली होती. बेटाच्या उत्तर टोकाला, फोर्मेंतोरच्या दीपगृहाकडे जाणारा रस्ताही याच परिएत्तीचा. तेव्हा ‘पर्यटकांनी आमचे रस्ते बळकावले’ असे आज कुणी म्हणाला, तर इतिहास हळूच खोकतो. यांतले काही रस्ते पर्यटकांसाठीच जन्माला आले.

मात्र ते जन्माला आले तेव्हा वर्षाकाठी येणारी माणसे मूठभर होती. 1960 साली नवा विमानतळ झाला, उत्तर युरोपातून स्वस्त विमाने भरभरून येऊ लागली आणि किनारा सिमेंटने असा भरला, की बेलिआरिक बेटांच्या नावावरून ‘बेलिआरीकरण’ असा शब्दच स्पॅनिश भाषेत रूढ झाला. रस्ता मात्र तेवढाच राहिला. डोंगर फोडून तो रुंद करावा, तर जे बघायला लोक येतात तेच जाते. सोयेर गावचे उदाहरण बोलके आहे. डोंगरापलीकडच्या या गावाला 1997 साली बोगदा मिळाला. त्याला टोल होता. 2017च्या अखेरीस टोल उठला, गावकऱ्यांना आनंद झाला. आणि मग बोगद्यातून मोटारींचा असा लोंढा आला, की गावात गाडी लावायला जागा उरली नाही. फोर्मेंतोरच्या रस्त्यावर 2018पासून उन्हाळ्यात दिवसा खासगी गाड्यांना मज्जाव करून बस सुरू करावी लागली.

या कोंडीत ट्राइकचा ताफा शिरतो. त्याच्या विरुद्ध बोलणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. एका बसमध्ये पन्नास माणसे जातात. पन्नास माणसांना ट्राइकवर न्यायचे, तर निदान सतरा ट्राइक लागतात. शिवाय आवाज. दरीत आवाज घुमतो आणि दगडी घरांच्या गल्लीत तो दुप्पट होतो. त्रामुंतानातल्या गावांतले लोक मोटारसायकलींच्या गोंगाटाबद्दल वर्षानुवर्षे कपाळाला हात लावून बसले आहेत. दुपारची झोप ही त्या प्रदेशात चैन नाही, दिनक्रम आहे. ज्याच्या दाराखालून दिवसातून चार वेळा ताफा जातो, त्याला पाहुण्याचा आनंद कसा दिसणार?

तरीही माझे मत थोडे वेगळे पडते. ज्याच्या पुढे वाटाड्या आहे, तो पाहुणा सहसा अरुंद वळणावर मध्येच थांबून छायाचित्र काढत नाही, रस्ता चुकून कुणाच्या अंगणात शिरत नाही, आणि वेग मर्यादेत ठेवतो. न ठेवून सांगतो कुणाला? भाड्याची मोटार घेऊन मोबाइलच्या नकाशावर भरवसा ठेवणारी चार माणसे रस्त्याला जास्त जड होतात. खरा भार आहे तो या भाड्याच्या मोटारींचा. पण ट्राइक रंगीत, मोठ्या आवाजाची आणि विचित्र असल्यामुळे नजरेत तीच भरते. राग काढायला नजरेत भरणारी वस्तू सोयीची असते.

आणि राग आहेच. 2024च्या एप्रिलमध्ये कॅनरी बेटांवर प्रचंड मोर्चे निघाले. मे आणि जुलैमध्ये पाल्माच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले. ‘पर्यटन कमी, जगणे अधिक’ ही त्यांची घोषणा. 2025च्या जूनमध्ये दक्षिण युरोपातल्या अनेक शहरांत एकाच दिवशी निदर्शने झाली, त्यांत पाल्माही होते. बाहेरच्या वृत्तपत्रांनी याला ‘पर्यटकद्वेष’ असे नाव दिले. वाचकहो, ते वरवरचे आहे. मोर्चेकऱ्यांची मुख्य तक्रार घरांची आहे. जे घर वर्षाच्या भाड्याने शिक्षकाला मिळत होते, ते आठवड्याच्या भाड्याने पाहुण्याला दिले तर मालकाला कितीतरी अधिक पैसे मिळतात. शेजारच्या इबिझावर तर नोकरी करणारी माणसे गाड्यांत आणि तंबूत राहतात, इथवर पाळी आली. मोर्चातल्या अनेकांची रोजीरोटी पर्यटनावरच आहे. हॉटेलात खोल्या आवरणारी बाई सकाळी पाहुण्याची चादर बदलते आणि संध्याकाळी फलक घेऊन उभी राहते. यात ढोंग नाही. आपल्याकडे धरणाच्या भिंतीवर मजुरी करणारा माणूस धरणग्रस्तही असू शकतो, तसेच हे.

सरकारने काय केले? 2016पासून पाहुण्याकडून दर रात्रीचा कर घेतला जातो. भर हंगामात उंची हॉटेलात तो माणशी चार युरोपर्यंत जातो. 2022पासून पाल्माच्या बंदरात दिवसाला सहसा तीनपेक्षा अधिक आलिशान बोटी न येऊ देण्याचा करार आहे. सर्वांत धाडसी पाऊल इबिझाने उचलले. तिथे 2025च्या उन्हाळ्यात, 1 जून ते 30 सप्टेंबर या काळात, बाहेरच्यांच्या गाड्यांची संख्याच बांधून टाकली: एकूण 20,168. त्यांपैकी 16,000 भाड्याने देणाऱ्या व्यावसायिकांच्या, उरलेल्यांतल्या बहुतेक बोटीवर चढवून स्वतःची गाडी आणणाऱ्या पाहुण्यांच्या. चिमुकल्या फोर्मेंतेरा बेटावर असे बंधन 2019पासूनच होते.

संख्या बांधणे मला पटते, कारण डोंगर वाढत नाही. पण संख्या बांधली, की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: ती वाटायची कशी? परवाने मोजके झाले, की ते मोठ्या कंपन्यांच्या हाती जातात. त्यांच्याकडे वकील असतो, कागद असतात, आणि एक हिवाळा कमाईविना काढण्याची ताकद असते. चार ट्राइक आणि दोन वाटाडे एवढ्यावर धंदा करणारा माणूस रांगेत शेवटी उभा राहतो. बस त्या मानाने सर्वांत कमी जागा घेते, हे खरे. मात्र बसमधून उतरलेला पाहुणा वीस मिनिटांत स्वच्छतागृह आणि दुकान एवढेच बघून परत चढतो. वाटाड्याबरोबर फिरणारा गावातल्या लहानशा खानावळीत जेवतो, चार प्रश्न विचारतो. गावाला कोणता पाहुणा हवा, हे गावाला विचारून परवाने दिले, ताफ्यांची वेळ आणि आकार ठरवून दिला, आणि इंजिनाचा आवाज कागदावर न मोजता रस्त्यावर मोजला, तर ट्राइक राहूनही दुपारची झोप शाबूत राहील. विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी आवाजाचा प्रश्न बराचसा सुटेल. पण ट्राइकवर बसणाऱ्या अनेकांना नेमका तो आवाजच हवा असतो, ही पंचाईत आहे.

आजींच्या रिक्षेकडे पुन्हा येतो, कारण त्या प्रश्नात एक दुवा दडलेला होता. तीनचाकी मोटारवाहनांतले एक अजरामर वाहन म्हणजे इटलीतल्या पियाज्जिओ कंपनीने 1948 साली आणलेले ‘आपे’. इटालियनमध्ये आपे म्हणजे मधमाशी. आपण तिला ‘अ‍ॅपे’ म्हणतो आणि भाजीपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे तिच्यात भरतो. इटलीच्या कॅप्री, इस्किया अशा बेटांवर याच मधमाशीची सजवलेली रूपे वर्षानुवर्षे पाहुण्यांना फिरवीत आली. 2024च्या अखेरीस कंपनीने तिचे इटलीतले उत्पादन थांबवले; तिची गाडी आता भारतात, म्हणजे आपल्या बारामतीला तयार होते. युरोपातल्या बेटांवरची रोमँटिक तीनचाकी आणि आपल्या नाक्यावरची रिक्षा एकाच घराण्यातल्या आहेत, हे मी आजींना सांगितले. त्यांना त्याचे काहीच आश्चर्य वाटले नाही.

काका मात्र वेगळ्याच गोष्टीत रमले होते. त्यांच्या दाढीवाल्या चालकाशी मुलाच्या दुभाषेपणाने त्यांच्या खूप गप्पा झाल्या होत्या. तिशी उलटलेला तो माणूस त्याच बेटावर जन्मलेला, पण लग्न करून वेगळे घर घेणे परवडत नाही म्हणून आईवडिलांकडे राहतो. एप्रिल ते ऑक्टोबर ट्राइक. मग काम बंद आणि पुढच्या हंगामाचे बोलावणे येईपर्यंत बेकारभत्ता. डोंगरातल्या एका गावाजवळ आल्यावर त्याने हात वर करून मागच्या सगळ्यांना खूण केली. सारा ताफा खालच्या गिअरमध्ये, अगदी रांगत, गावातून बाहेर पडला. काकांनी कारण विचारले. तो म्हणाला, इथे माझी आत्या राहते, संध्याकाळी ती घरी फोन करते.