कलेक्टरची खुर्ची आणि आपण

कला शाखेच्या विद्यार्थ्याला "पुढे काय करणार?" असे विचारले की एक उत्तर हमखास मिळते, "कलेक्टर होणार!" आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे गावातल्या वडीलधाऱ्यांनी मलाही आशीर्वाद दिला तो हाच. आशीर्वाद मी नाकारत नाही. परंतु ज्या पदाला आपण देव्हाऱ्यात बसवले आहे ते जन्माला कशासाठी आले, हे कोणी विचारीत नाही, याचे मात्र नवल वाटते.

"जिल्हाधिकारी" हा आपला अलीकडचा शब्द. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ सरळ आहे : गोळा करणारा, वसुली करणारा. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालमध्ये हे पद निर्माण केले. त्याच्या दोनच वर्षे आधी तिथे भीषण दुष्काळ पडला होता आणि सुमारे एक तृतीयांश लोक मेले असावेत, असा खुद्द हेस्टिंग्जचाच अंदाज होता. तरीही १७७१ ची वसुली १७६८ पेक्षा जास्त झाली, हेही त्यानेच कंपनीच्या संचालकांना कळवले. माणसे कमी झाली आणि सारा वाढला! कलेक्टर हा त्या हिशेबातून जन्मला. पुढे कॉर्नवॉलिसने त्याला महिना १५०० रुपये पगार आणि वर वसुलीवर सुमारे एक टक्का कमिशन ठरवून दिले. "लोकसेवक" हा शब्द तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

पण कॉर्नवॉलिसलाही एक गोष्ट कळत होती. जो सारा गोळा करतो तोच साऱ्याच्या तक्रारींचा निवाडा करू लागला, तर रयतेने जायचे कुठे? म्हणून १७९३ मध्ये त्याने न्यायाचे काम कलेक्टरकडून काढून घेतले. हे शहाणपण टिकले नाही. बेंटिंकच्या काळात, १८३१ च्या सुमारास, मॅजिस्ट्रेटचे अधिकार पुन्हा कलेक्टरच्या हाती आले. आपल्याकडे तर १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने पुण्यास रॉबर्टसन, अहमदनगरास पॉटिंजर आणि खानदेशात ब्रिग्ज असे कप्तान नेमले, ते महसूल आणि न्याय दोन्ही हाती घेऊनच. लष्करी माणसे, हुकूम देण्याची सवय! "मायबाप सरकार" हा शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी बसला तो अशा कारभारात. ज्याच्यापुढे दाद मागायची तोच धनी असला की हात आपोआप जोडले जातात.

त्या खुर्चीवर बसायला परीक्षा आली ती १८५५ पासून, पण ती लंडनला. १८७८ पासून वयाची मर्यादा एकोणीस वर्षांवर आणली. मी आज नेमकी एकोणीस वर्षांची आहे. या वयात समुद्र ओलांडून, परक्या भाषेत, तिथल्या मुलांशी स्पर्धा करायची! हिंदुस्थानात ही परीक्षा सुरू व्हायला १९२२ साल उजाडावे लागले.

काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून न्याय आणि कारभार वेगळे करा ही मागणी होती. मुंबई राज्याने त्यासाठी १९५१ मध्ये कायदा केला. १ एप्रिल १९७४ पासून नव्या फौजदारी संहितेने ही विभागणी देशभर नेली. त्याहून मोठी गोष्ट महाराष्ट्रात घडली. १९५७ च्या बळवंतराय मेहता समितीने जिल्हा परिषदेच्या अध्यक्षस्थानी कलेक्टर असावा असे सुचवले होते. आपल्या वसंतराव नाईक समितीने ते मानले नाही, तिने कलेक्टरला परिषदेबाहेरच ठेवले. १ मे १९६२ पासून शाळा, दवाखाने, गावरस्ते ही कामे निवडून आलेल्या परिषदेकडे गेली. कलेक्टरचे इतके अधिकार काढले म्हणून आभाळ कोसळले नाही. माझ्या मते महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असा हा निर्णय होता. पण त्याची तारीख आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

मी या पदाची शत्रू नव्हे. १९९३ च्या किल्लारी भूकंपासारख्या प्रसंगी जिल्ह्याला एक जबाबदार माणूस लागतोच, आणि त्या खुर्चीवर बसून जिवापाड राबलेले अधिकारी आहेत. माझी तक्रार आपल्या मनाविषयी आहे. कायद्याने या खुर्चीची उंची कमी केली, पण आपण पुन्हा तिच्याखाली पाट सरकवतो. अजून कित्येक अर्जांची सुरुवात "मेहेरबान साहेबांचे सेवेशी" अशी होते. आणि २०२२ मध्ये राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपल्यावर निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या, प्रशासक म्हणून अधिकारीच कारभार पाहू लागले, तेव्हा कोणत्या कॉलेजात निषेधाची सभा भरली? आमच्या वर्गात तर त्यावर एका तासाचीही चर्चा झाली नाही. स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शनाला मात्र सभागृह तुडुंब भरते. मीही तिथे जाते, वही घेऊन पुढे बसते.

परवा आमच्या गल्लीतल्या पोरांना मी विचारले, आपल्या जिल्ह्याचा कलेक्टर कोण? सातवीतल्या मुलाने नाव खाडकन सांगितले. मग विचारले, आपल्या गटातून जिल्हा परिषदेवर शेवटचे कोण निवडून गेले होते? पोरे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. शेवटी ओट्यावर बसलेल्या म्हातारीने नाव सांगितले, कारण त्याने निवडणुकीच्या वेळी तिच्या दारातला हातपंप दुरुस्त करून दिला होता.