"निधी नाही" ही सबब आता पुरे!

३ जून २०२० आठवतोय ना? निसर्ग वादळ आलं, घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले आणि पाठोपाठ मोबाइलही गेले. मी पेणमध्ये, आत्या रोह्यात एकटी. मधे कासू, नागोठणे, निडी एवढीच स्टेशनं. पण ती बरी आहे का, हे कळायला रस्त्यावरची झाडं हटेपर्यंत थांबून गाडी काढावी लागली.

तेव्हापासून मी एकच मागतोय: पेणला एक आणि रोह्याला एक हॅम रेडिओचा नोड. उत्तर ठरलेलं, "महाग असेल, निधी आला की बघू."

महाग? चला, हिशेब मांडू.

हातातल्या वॉकीटॉकीला मधले डोंगर आडवे येतात. म्हणून दोन्हीकडे एकेक रेडिओ ठेवून ते इंटरनेटने जोडायचे. ऑलस्टारचं सॉफ्टवेअर फुकट. संगणक म्हणून रास्पबेरी पाय किंवा जुना पीसी चालतो. रेडिओ आणि संगणक जोडणारा तयार डबा महाग पडतो, पण तो घरीही बनतो. सीएम१०८ किंवा सीएम११९ चिप असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या, दोन-तीनशे रुपयांचं. रेडिओवर आलेला आवाज कार्डाच्या माइककडे, कार्डाचा आवाज रेडिओच्या माइककडे. चिपच्या एका पिनला ट्रान्झिस्टर लावला की तो रेडिओचं बोलायचं बटण दाबतो. दुसरी पिन कुणी बोलतंय का ते ओळखते. टीव्ही दुरुस्त करणारा पोरगा दुपारभरात सोल्डर करून देईल.

"वादळात इंटरनेटच गेलं तर?" रास्त प्रश्न. दुवा तुटेल, पण गावातले वॉकीटॉकी थेट एकमेकांशी बोलत राहतील. आणि दोन्ही टोकांना बॅटरीवरची एकेक जोडणी सुरू झाली, की पेण-रोहा पुन्हा बोलू लागतं. गावातले सगळे टॉवर उभे राहायची वाट बघायला नको.

खरी टंचाई परवानाधारकांची आहे. विनापरवाना बटण दाबायचं नाही, आणि नोड लावण्याआधी परवान्याच्या अटी नीट वाचायच्या. केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की देता येते. मग आपल्या शाळा-कॉलेजांत एकही वर्ग का नाही?

पुढाऱ्यांनो, वाढदिवसाचे दोन बॅनर कमी लावा, साउंड कार्डं त्यात येतील. बाकीच्यांनी नुसतं लाइक करू नका. परीक्षेला बसणार असाल तर खाली नाव लिहा. सोल्डरिंगची इस्त्री माझी.