बाबा, साखर आणि द्राक्ष

दर रविवारी सकाळी बाबांची शुगर चेक होते. सुई त्यांच्या बोटाला, डोळे मी मिटतो! परवा मीटरवर आकडा उमटला आणि ते म्हणाले, "यातलं सायन्स सांग की, इंजिनीअर!"

माझी बोलती बंद. मग वाचून काढलं. पट्टीवरचं एन्झाइम ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉन काढतं, मीटर ते मोजतं. टेक्सासचे केमिस्ट अ‍ॅडम हेलर यांनी एन्झाइमला चक्क वायरिंग करून दिलं. इलेक्ट्रॉन थेट इलेक्ट्रोडपर्यंत!

पण वाहते इलेक्ट्रॉन म्हणजे करंटच ना? २००३ साली त्यांच्या टीमने एन्झाइम लावलेले कार्बनचे दोन धागे, केसाहून बारीक, द्राक्षात खुपसले. द्राक्षातल्या साखरेवर वीज तयार झाली! जेमतेम दोन-अडीच मायक्रोवॅट. मोबाइल विसरा, स्वप्न होतं शरीरातल्या चिमुकल्या सेन्सरचं.

"मग मी तर पॉवर स्टेशनच!" बाबा हसले. मी मात्र त्यांची बोटं पाहत होतो. टोचून टोचून खरखरीत झालेली.

ते वायरिंग आज दंडावर चिकटवायच्या सेन्सरमध्येही असतं. एक लावला की दोन आठवडे निवांत. स्वस्त नाही. पण या महिन्यात नवा मोबाइल कॅन्सल, बॉस!