तो ‘च’ मराठीचाच आहे

अमेरिकी कार्टून मालिकांत आयरिश माणूस आला की बहुतेक वेळा तो प्यालेला असतो. ‘फॅमिली गाय’च्या २००७मधील एका भागात नायक पीटर ग्रिफिन खऱ्या बापाच्या शोधात आयर्लंडला जातो आणि बाप निघतो गावातला नामांकित दारुडा. ही थट्टा जुनी आहे. १९व्या शतकात ‘हार्पर्स वीकली’त थॉमस नास्ट आयरिश मजुराला माकडाचा चेहरा देत असे आणि हातात बाटली. नास्ट स्वतः जर्मनीतून आलेला स्थलांतरित होता, हे विसरू नये.

तरी आजचा आयरिश-अमेरिकन हे पाहून बहुधा हसून सोडून देतो. मधल्या काळात त्याच्या समाजाची माणसे महापौर झाली, १९६०मध्ये जॉन केनेडी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. आयरिश आडनावामुळे तिथे आता कुणाचे घर अडत नाही. ‘सिम्पसन्स’मधल्या अपू या भारतीय दुकानदाराचे तसे नव्हते. त्याचा आवाज हँक अझारिया हा गोरा नट काढी. भारतीय वंशाच्या मुलांना त्याच आवाजात चिडवले जाई. हरी कोंडाबोलूने २०१७मध्ये त्यावर माहितीपट काढला आणि २०२०मध्ये अझारियाने ते काम सोडले. म्हणजे विनोद मोजताना शब्दांबरोबर एक गोष्ट पाहावी लागते: तो ऐकून झाल्यावर ज्याच्यावर केला त्याला काय सोसावे लागते?

आता घराकडे वळू. आपली मुले ‘मोटू पतलू’ पाहतात. त्यातला इन्स्पेक्टर चिंगम दाक्षिणात्य हेल काढून बोलतो, हवेत गोळी झाडतो आणि डोक्यावर नारळ पडतो. मुलांना मद्रासी माणूस भेटण्याआधी चिंगम भेटतो. हिंदी सिनेमाने मराठी माणसाला वर्षानुवर्षे मोलकरीण नाही तर हवालदार करून ठेवले, याचा राग आपल्याला येतो आणि तो रास्त आहे. पण मराठी विनोदी कार्यक्रमात मुसलमान येतो तेव्हा? जाळीची टोपी, डोळ्यांत सुरमा, तोंडी बिर्याणी किंवा बकरा, आणि मोडकीतोडकी हिंदी. ‘मैंच बोला’, ‘नक्को रे’ म्हटले की टाळी ठरलेली.

या भाषेवर जरा थांबू या. सातारा-सांगलीच्या मुल्ला, अत्तार, बागवान, शिकलगार, तांबोळी घरांत बोलली जाते ती बिघडलेली हिंदी नव्हे, दखनी आहे. हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता आणि त्या दरबारात इब्राहिम आदिलशाह दुसरा याने याच भाषेत ‘किताब-ए-नौरस’ रचली. ‘नक्को’ हा मराठीतला ‘नको’. ‘मैंच’मधला ‘च’ तर सरळ मराठीचा. लखनौच्या उर्दूत तो सापडायचा नाही. सज्जनगडावरच्या समर्थांचे मनाचे श्लोक तंजावरच्या शाह तुराब या सूफी कवीने समोर ठेवले आणि दखनीत ‘मनसमझावन’ लिहिले. म्हणजे प्रेक्षक ज्या उच्चाराला परका म्हणून हसतो, तो शेजारधर्माने आलेला त्याचाच उच्चार आहे.

मी याच पट्ट्यातला. इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात माझ्या ‘च’ची नक्कल व्हायची आणि मीही हसायचो, मित्र जिवाचे होते. पुढे पुण्यात नोकरी लागली आणि भाड्याने घर शोधू लागलो. फोनवर माझे मराठी ऐकून ‘या की बघायला’ म्हणणारे घरमालक आडनाव ऐकल्यावर ‘कालच गेलं हो’ म्हणायचे. तिथे नक्कल कुणी केली नाही. मनात चित्र आधीच तयार होते.

थट्टेपासून दंगलीपर्यंत सरळ रेष ओढणे अप्रामाणिक ठरेल. सप्टेंबर २०२३मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जमाव मशिदीवर चालून गेला, एकाचा जीव गेला. ते विनोदाने घडले नाही. पण शेजारी माणूस न दिसता नमुना दिसू लागला की जमावाचे काम सोपे होते, एवढे मात्र खरे. ज्या जिल्ह्यांत कडेगावचे ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उचलतात आणि मिरजेचे शिकलगार कारागीर पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोरे घडवतात, तिथे विनोदी लेखकाला पात्रांची टंचाई का पडावी?

मग काय करायचे? बंदी मागू नये, गुन्हे दाखल करत सुटू नये. भावना दुखावल्याचे हत्यार आज आपण उचलले, तर उद्या ते आपल्याच सुधारकांवर उगारले जाईल. या मातीचा विनोद मुळात धीट आहे. तमाशातला सोंगाड्या राजालाही सोडत नाही. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांच्या लोकनाट्यांत सावकाराची खिल्ली आहे. तो विनोद वरच्यावर नेम धरतो.

आपल्या पोरांनी मुल्लामौलवींच्या दांभिकतेवर, लग्नातल्या बडेजावावर, स्वतःवरही विनोद लिहावा, आणि दखनीतच लिहावा. मराठी निर्मात्यांकडे मागणे एकच: टोपीवाला खुशाल ठेवा, पण त्याच्या शेजारी एखादी बागवानांची इंजिनिअर, एखादा मुलाणी तलाठीही उभा करा. त्यांच्यावरही हसू. फक्त त्यांना आधी माणसासारखे बोलू द्या.