पाच उन्हाळ्यांची पदवी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडची एक मुलगी बारावीच्या निकालानंतर भेटायला आली. नीट द्यायची नाही, नर्सिंग नको, इंजिनीअरिंगचं तर नावच नको. "सर, मले जंगलाचं शिकाचं हाये. पण जंगल तं घरीच हाये, मंग त्यासाठी देहरादूनले कायले जा लागते?"

प्रश्न रास्त होता. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत एम.एस्सी. आहे. बेंगळुरूच्या एनसीबीएसमधली वन्यजीवशास्त्राची तुकडी दोन वर्षांतून एकदा भरते, तीही जेमतेम पंधरा-वीस जणांची. पुण्यात आयसरमध्ये २००६ पासून पाच वर्षांची बी.एस.-एम.एस. अशी जोडपदवी मिळते. गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेची एम.एस्सी. आहे, भारती विद्यापीठाच्या पर्यावरण संस्थेत वन्यजीव संवर्धनाची. उत्तमच शिकवतात सगळे. फक्त त्यांतले कितीतरी विद्यार्थी प्रबंधासाठी शेवटी आमच्याच जंगलात येतात आणि त्यांना पायवाट दाखवायला गावातलं बारावी पास पोरगं रोजंदारीवर सोबत चालतं. वाघाचा माग आधी दिसतो तो त्या पोराला. प्रबंधाच्या आभारात त्याचं नाव येतं, तेही चुकीच्या स्पेलिंगात.

गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग जंगलाखाली आहे. शेजारच्या चंद्रपुरात १९५५ मध्ये जाहीर झालेलं ताडोबाचं राष्ट्रीय उद्यान आहे. दोन्ही जिल्ह्यांसाठी २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. संवर्धन जीवशास्त्राची पाच वर्षांची सलग पदवी इथे असावी, हे एवढ्यावरूनच कुणीही म्हणेल. माझं म्हणणं त्या 'सलग'पुरतं आहे.

दोन वर्षांच्या एम.एस्सी.त जंगलातल्या कामाला काही महिने मिळतात. बहुधा हिवाळ्याचे, कारण रस्ते कोरडे असतात, मलेरिया कमी असतो. आता मोहाचं बघा. मार्च-एप्रिलात फूल गळतं आणि बाया पहाटे अंधारात टोपली घेऊन वेचायला निघतात. वाकून वेचणारं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही, असं वनखात्यातले जुने लोक सांगतात. मोसमातले कितीतरी हल्ले याच वेळी होतात. फूल नीट दिसावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, त्यातून वणवा लागतो, आणि वणव्याने नवी रोपं जळतात. अवकाळी पाऊस आला की फूल सडतं आणि ते घर तेंदूच्या मजुरीवर येतं. म्हणजे पुन्हा जंगलातच. पोट, आग, वाघ आणि झाड यांची ही गाठ एका हिवाळ्यात सुटत नाही. पण सिंदेवाहीची मुलगी पाच उन्हाळे एकाच गावची मोहाची झाडं मोजत राहिली, कोणती बाई किती वाजता निघते, पाला कुठे पेटतो, पाऊलखुणा कुठे दिसतात याची नोंद ठेवत गेली, तर तिच्या हाती जे लागेल ते बाहेरून आलेल्या कुठल्याही हुशार विद्यार्थ्याला मिळणार नाही. पहाटे त्या बायांसोबत जायला तिला परवानगीचा अर्ज लागत नाही.

संवर्धन जीवशास्त्राला नाव आणि बैठक देणारे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ मायकेल सूले यांनी १९८५ मध्ये त्याला संकटकाळाचं शास्त्र म्हटलं होतं: सगळी माहिती हाती येण्याआधीच निर्णय घ्यावा लागतो. ब्रह्मपुरी वनविभागात हे समजावून सांगावं लागत नाही. तिथले वाघ अभयारण्याच्या रेषेत राहत नाहीत. धानाची बांदी, बोडी, झुडपी जंगल आणि गाव यांच्या मधून फिरतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये शेजारच्या वडसा भागात सीटी-१ हा वाघ पकडला, तोवर तेरा माणसं गेल्याचं वनखात्याने सांगितलं होतं. पिंजरा कधी लावायचा हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला गावातला संताप आणि वाघाचं वर्तन या दोन्हींचा अंदाज एकाच वेळी घ्यावा लागतो. यातल्या एकाचाच तास वर्गात होतो.

मोजणीचं कामही सोपं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या तयारीत पायी खुणा नोंदवत असलेल्या महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. २०२३ मध्ये राज्यात ४४४ वाघांचा अंदाज जाहीर झाला तेव्हा सगळीकडे टाळ्या वाजल्या. त्या आकड्यामागे अशाच पायी चालणाऱ्या माणसांचं काम होतं.

अभ्यासक्रम कसा असावा, यासाठी समिती नेमण्याआधी धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावात जाऊन यावं. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती बांबूचा वाहतूक परवाना आला, हे बहुतेकांना माहीत आहे. त्याच्या कितीतरी आधी गावातले देवाजी तोफा आणि इतर गावकरी अभ्यासगट बसवत होते. मधावरही असा गट होता, आणि माश्या न मारता मध काढायची पद्धत त्यांनी त्यातून रुजवली. प्रश्न, निरीक्षण, प्रयोग, मग सगळ्यांसमोर चर्चा, पीएच.डी.त याहून वेगळं काय करतात? अशा ग्रामसभेत एक सत्र बसणं अनिवार्य असावं, आणि गुण ग्रामसभेने द्यावेत. विद्यापीठाला हे पचणार नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची ऑनर्स पदवी आणि पुढे एका वर्षाची एम.एस्सी. अशी पाच वर्षांची वाट कागदावर मोकळी केली आहेच. मधेच थांबावं लागलं तर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका मिळते. शहरात या सोयीची चेष्टा होते. धान कापणीला घरी बोलावणं येणाऱ्या पोरांना ती फार लागते.

त्या मुलीला मात्र मी एवढं सगळं ऐकवलं नाही. तिच्या वडिलांचा प्रश्न साधा होता: नोकरी? वनरक्षकाच्या भरतीला बारावी, लेखी परीक्षा आणि धावणं पुरतं. वनक्षेत्रपाल व्हायचं तर एमपीएससीच्या यादीतली पदवी लागते, आणि त्या यादीत प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, वनशास्त्र अशी जुनी ओळखीची नावं असतात. पदवीचं नाव कितीही देखणं असलं तरी ते त्या यादीत बसलं नाही तर पोरीला फॉर्मच भरता येणार नाही. म्हणून सध्या चंद्रपुरात प्राणिशास्त्र मुख्य विषय घे, असं सांगितलं. नोंदींची वही मात्र येत्या मोहाच्या हंगामापासून सुरू कर म्हटलं. तर तिने विचारलं, "सर, बायाइचे नाव लिहू का नुसते आकडे?"