पेलाभर पाणी

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशूने आपल्या बारा शिष्यांस निरोप देताना जो उपदेश केला आहे, तो मोठा कठोर आहे. छळ, बंदिवास, घरच्यांचे वैर, क्रूस, असे एकाहून एक भयंकर विषय त्यात येतात. आणि त्या सर्वांच्या शेवटी येतो तो पाण्याचा एक पेला. तहानलेल्या एखाद्या सामान्य मनुष्यास गार पाणी पाजल्याचीही नोंद देवाच्या दरबारी राहते, असा त्या वचनाचा आशय आहे. इतक्या गंभीर भाषणाचा शेवट इतक्या क्षुल्लक वस्तूने का व्हावा, अशी शंका पुष्कळांस येते. ज्याच्या देशात बारमाही पाऊस पडतो, त्या वाचकाने हा केवळ अलंकार मानला तर नवल नाही. आमच्या ईटकडील मनुष्यास तसे मानण्याची सोय नाही.

ईट हे धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील गाव. सह्याद्रीने आपला वाटा काढून घेतल्यावर पावसाचे जे काही उरते, ते बालाघाटच्या या डोंगराळ भागास मिळते. तेही मिळेलच असे नाही. १९७२ चा दुष्काळ येथील वडीलधाऱ्या मंडळींस अजून काल घडल्यासारखा आठवतो. २०१२-१३ आणि २०१५-१६ या वर्षी तर भूम-परंड्याकडे माणसांसाठी टँकर व जनावरांसाठी चारा छावण्या, असाच उन्हाळा काढावा लागला. शेजारच्या लातूर शहरास एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस सुमारे पाच लाख लिटर पाणी आले, आणि ती गाडी पाहावयास लोक स्थानकावर जमले. ज्या प्रदेशात पाणी आगगाडीतून येते, त्या प्रदेशात पेला भरून देणारा मनुष्य आपल्या रांजणातून तेवढे पाणी खरोखरीच कमी करीत असतो. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तिचे दान मोठे ठरले, ते तिने मागे काही शिल्लक ठेवले नाही म्हणून.

येथे एक गोष्ट प्रारंभीच स्पष्ट केलेली बरी. भूतदया ही ख्रिस्ती लोकांची मिरास आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. मराठवाड्यात राहून असे म्हणणारा मनुष्य एकतर अज्ञानी असावा किंवा अहंकारी. पैठणच्या एकनाथ महाराजांनी काशीहून रामेश्वरास न्यावयाची गंगेची कावड वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, ही कथा येथील प्रत्येक लेकरास ठाऊक आहे. यात्रेचे पुण्य एका बाजूस आणि जनावराची तहान दुसऱ्या बाजूस, असा पेच पडला तेव्हा नाथांनी क्षणभरही हिशेब केला नाही. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात मंदिराचा याजक जखमी वाटसरूच्या बाजूने निघून जातो आणि परधर्मीय मानलेला शोमरोनी थांबतो, तेथेही हीच कसोटी लावलेली दिसते. ख्रिस्ती मनुष्याने दयेचा अभिमान बाळगण्याऐवजी तिचे ऋण मानावे हेच त्यास शोभते, कारण त्याच्या श्रद्धेप्रमाणे ती दया प्रथम त्याच्यावर झालेली आहे.

पाणी देण्याविषयी बोलणे सोपे आहे. पाणी घेण्याविषयी आपण फारसे बोलत नाही, आणि आमच्या मते खरी मेख तेथे आहे. योहानाच्या शुभवर्तमानात याकोबाच्या विहिरीपाशी दमून बसलेला प्रभू एका शोमरोनी बाईजवळ पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांशी भांड्याचा व्यवहार ठेवीत नसत. म्हणूनच ती बाई प्रथम चकित होते. तिला काही देण्यापूर्वी त्याने तिच्या हातचे मागितले. उपकार करणारा नेहमी वरच्या पायरीवर उभा असतो. मागणारा खाली उतरतो. या खाली उतरण्यात जी माणुसकी आहे, ती पुष्कळ दानधर्मांत आढळत नाही.

आपल्या देशात तर पाण्यास जात होती. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे हजारो अनुयायी ओंजळभर पाणी पिण्यासाठी गेले, तेव्हा पाणी पिणे हाच सत्याग्रह झाला. १९३४ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, दौलताबादच्या किल्ल्यापाशी, प्रवासाने धुळकट झालेली तोंडे हौदावर धुतली म्हणून बाबासाहेब व त्यांचे सहकारी यांस अपमान सोसावा लागला. ती हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्यांच्याच बालपणाची दुसरी हकीकत १९०१ सालची आहे. मसूर स्थानकावर उतरून वडिलांकडे बैलगाडीने जाणारी ती लहान भावंडे, शिदोरी जवळ असूनही, वाटेत कोणी पाणी देईना म्हणून उपाशी राहिली. त्या रात्री त्या वाटेवर देवधर्म करणारी माणसे नव्हती असे थोडेच आहे? माणसे होती आणि पाणीही होते. ख्रिस्ती मंडळ्याही या रोगापासून सर्वथा मुक्त राहिल्या असे म्हणवत नाही. बाप्तिस्म्याचे पाणी घेऊनही पूर्वजातीची आठवण सोयरीक जुळविताना ज्यांस होते, त्यांनी हा परिच्छेद पुन्हा एकवार वाचावा.

याउलट लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण पाहावे. १८६८ साली जन्मलेल्या या बाईंच्या माहेरी वडिलांच्या सोवळ्याने सारे घर जेरीस आले होते. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा त्यांच्यावर आकाशच कोसळले. तथापि पुढे विचार करता करता, जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, असा त्यांच्या मनाचा निश्चय झाला आणि त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास प्रारंभ केला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्यांचा बाप्तिस्मा यानंतर, १९०० साली झाला. म्हणजे पाण्याचा पेला आधी आला आणि विधी मागाहून. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ ज्या विद्यार्थ्यांनी वाचली नसतील त्यांनी या सुटीत अवश्य वाचावीत. हसू आणि आसू एकाच पानावर आणणारे असे पुस्तक मराठीत दुसरे क्वचितच सापडेल.

आता एका आक्षेपाकडे वळू. मिशनांची दया ही मासा धरण्याच्या गळाला लावलेले आमिष आहे, असे फार दिवसांपासून म्हटले जाते. शहाणी, सज्जन माणसेही तसे म्हणत आली आहेत. म्हणून त्यावर रागावून उपयोग नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईस काढलेले शारदा सदन पुढल्या वर्षी पुण्यास आले. तेथील मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होऊ लागला आहे, अशी शंका आल्यावर १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळ सोडले आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची काळजी हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. पोटच्या मुलीचे धर्मांतर होईल ही भीती ख्रिस्ती आईबापांसही तितकीच वाटली असती. परंतु त्याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः फिरून, ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते अशा मुलींस गोळा करून केडगावी घेऊन आल्या, हेही तितकेच खरे आहे. त्या मुलींस आधी भाकरी हवी होती. भुकेल्यास ‘सुखाने जा, पोटभर जेव’ एवढाच आशीर्वाद देऊन बोळवणारा विश्वास मेलेला आहे, असे याकोबाने आपल्या पत्रात खडसावून सांगितले आहे, आणि रमाबाईंनी ते पत्र नीट वाचले होते.

मग आमिष कोणते आणि दया कोणती, हे ओळखावे कसे? आम्हांस वाटते की, ज्याच्यावर दया केली तो आपल्या मतास येऊन मिळाला नाही तर आपण त्याच्याशी पुढे कसे वागतो, हे पाहावे. कवी बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, अहमदनगरास टिळकांच्या घरी राहिले. (त्या शहरास आता अहिल्यानगर म्हणतात.) रेव्हरंड टिळकांनी त्यांस पुत्रवत मानले, लक्ष्मीबाईंनी त्यांचे रुसवेफुगवे आईच्या मायेने सोसले. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत. म्हणून त्या घरातील त्यांचे ताट उचलले गेले नाही. १९१८ साली ऐन उमेदीत बालकवी वारले. त्यांच्या कवितेवर प्रेम करणाऱ्या महाराष्ट्रावर त्या घराचे जे ऋण आहे, ते बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत सापडणार नाही. टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, मिशनचे वेतन सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उघडला, तोही बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. दार उघडे ठेवणे आणि दारात जाळे लावणे यांतील भेद त्यांस पुरता कळला होता.

थोर माणसांची ही उदाहरणे देऊन आम्ही थांबलो तर विद्यार्थी म्हणतील की, ही मोठ्या लोकांची कामे. आमच्याजवळ काय आहे? म्हणून वर्गातीलच एक गोष्ट घेऊ.

दसरा-दिवाळी झाली की भूम, पाटोदा, आष्टी, जामखेड या टापूतील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीस जातात. नवराबायकोच्या जोडीस मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची मोजदाद हत्याराने होते, यावरूनच त्या धंद्याची कल्पना यावी. आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत कारखान्याच्या पट्ट्यात पाचटाची खोपी हेच घर. काही मुले गावी आजीआजोबांपाशी अगर हंगामी वसतिगृहात राहतात, परंतु पुष्कळ मुले आईबापांबरोबर जातात आणि पाडव्याच्या सुमारास, परीक्षा तोंडावर आली असता, परत येतात. अशा मुलाचे वर्गात काय होते? त्याचा बाक दुसऱ्याने घेतलेला असतो. फळ्यावरचे गणित त्यास परके वाटते. हजेरीत त्याचे नाव आले की मागच्या रांगेतून हसू येते. मास्तरही माणूसच, अभ्यासक्रम पुरा करण्याच्या घाईत त्याच्याकडे पाहण्यास त्यास सवड नसते. पाचसहा दिवस असे गेले की तो मुलगा येईनासा होतो, आणि पुढल्या दसऱ्यास त्याच्या हाती स्वतःचाच कोयता येतो. मुलीची गोष्ट याहून वाईट, कारण तिचे बहुधा लग्नच उरकून टाकतात.

या दुःखाचे मूळ मोठे आहे. पाऊस, जमीन, कर्ज, कारखानदारी यांचा तो गुंता आहे. तो शाळकरी मुलाच्या चांगुलपणाने सुटणार नाही, आणि सुटेल असे भासविणे हा लबाडपणा होईल. सरकारने व समाजाने जे करावयाचे ते त्यांनीच केले पाहिजे, आणि दयेच्या नावाखाली न्यायाची मागणी झाकली जाऊ नये. तथापि तो मुलगा वर्गाच्या दारात उभा आहे तो आज. त्यास ‘ये, इकडे बस’ एवढे म्हणून सरकून जागा देण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. मधल्या सुटीत त्याच्या डब्यातील सुकी भाकरी आपण मागून घ्यावी आणि आपली भाजी त्याच्यापुढे ठेवावी. मागून घ्यावी, असे आम्ही मुद्दाम म्हणतो. नुसती भाजी पुढे केली तर ती भीक होते.

पालकांसही एक विनंती. घरकामास येणाऱ्या बाईचा कप मोरीच्या कोपऱ्यात वेगळा ठेवलेला असतो, तो आपल्या मुलांस दिसतो. रविवारच्या उपासनेतील प्रवचन त्यांस दुसऱ्या दिवशी आठवत नाही. तो कप मात्र जन्मभर आठवतो.

विद्यार्थ्यांस आमची सूचना अगदी साधी आहे. आपल्या वर्गातील जी मुले कारखान्यावर गेली आहेत त्यांची नावे काढावीत. दर आठवड्याचे गणित, भाषा व इतिहास यांचे टिपण पाळीपाळीने एकेकाने सुवाच्य अक्षरात निराळ्या वहीत उतरून ठेवावे, म्हणजे एकावरच भार पडणार नाही. पाडव्यापूर्वी या वह्या तयार असाव्यात आणि मूल शाळेत आल्याच्या पहिल्या दिवशीच, फारसे न बोलता, त्याच्या दप्तरात जाव्यात. वहीच्या पहिल्या पानावर घेणाऱ्याचे नाव लिहावे, उतरून देणाऱ्याचे लिहू नये.