विरूपीकरण म्हणजे अभिव्यक्ति नव्हे

अभिव्यक्तिवादी व्यक्तिचित्रास रेखनाचा अभ्यास लागत नाहीं, नाक वांकडें केलें व गाल हिरवा रंगविला कीं काम झालें, हें मत आम्हांस सर्वस्वीं त्याज्य वाटतें.

त्याचे पुरस्कर्ते ड्रेस्डेनच्या ‘ब्र्यूके’ मंडळाकडे बोट दाखवितात. १९०५ सालीं तें स्थापणारे चौघेही तरुण वास्तुकलेचे विद्यार्थी होते, हें खरें. परंतु दर पंधरा मिनिटांनीं ढब बदलणाऱ्या व्यक्तीचें रेखन ते नेटानें करीत, हें सोयीस्करपणें विसरलें जातें. शाळा नसणें निराळें, साधना नसणें निराळें!

ओस्कर कोकोश्कानें १९१० सालीं शास्त्रज्ञ ऑग्यूस्त फोरेल यांचें तैलचित्र काढिलें. त्यांतील आंखडलेले हात पाहावे. तेथें अतिशयोक्ति आहे, पण ती निवडलेली आहे. काय ठेवावयाचें हें ज्यानें पाहिलें, त्यालाच काय मोडावयाचें हें कळतें. याच कोकोश्कानें १९५३ सालीं साल्झबुर्ग येथें वर्ग काढिला, त्यास नांव दिलें ‘पाहण्याची शाळा’. यांतच आमच्या प्रतिपक्षास उत्तर आहे.

तैलरंगही कोणाचे लाड करीत नाहींत. तेलकट थरावर कमी तेलाचा थर चढविल्यास वरचा आधीं वाळतो व पुढें तडकतो. चित्रकाराचा आवेश त्यास सांधीत नाहीं.

या मतानें खरें नुकसान होतें तें नवशिक्याचें. प्रत्येक चूक ‘माझी अभिव्यक्ति’ ठरली कीं सुधारणेची वाट खुंटते, आणि समोर कोणीही बसो, फलकावर तोच हिरवा गाल उमटतो. ज्यास समोरचा माणूस दिसलाच नाहीं, त्यानें व्यक्त तरी काय करावें?